वाघोलीचा माळ आणि नकाशाची दृष्टि

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें ईशान्येस निघालें म्हणजे कांहीं कोसांवर वाघोली लागते. गांवांत वाघेश्वराचें जुनें देवालय आहे, आणि शाहू छत्रपतींच्या काळीं नांवारूपास आलेले सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधिही येथेंच आहे. गांवाच्या व देवाच्या अशा दोहोंच्या नांवांत वाघ आहे. स्थलनामांवरून प्राण्यांचा इतिहास काढणें जपून करावें लागतें हें खरें. कारण आमच्या भाषेंत पट्टेदार वाघासही वाघच म्हणतात आणि बिबळ्यासही वाघच म्हणतात. तथापि ज्या भूमीवर हीं नांवें रुजलीं ती भूमि कशी होती, हा प्रश्न त्यामुळें टळत नाहीं. ती खडकाळ, गवताळ, मधूनमधून बोरी-बाभळींची अशी माळरानाची भूमि होती. आज त्या माळावर दगडाच्या खाणी व उंच इमारती दिसतात. २०२१ सालीं वाघोली पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत सामील झाली. अशा या माळांकडे नकाशा करणाऱ्यांनीं गेल्या दोनशें वर्षांत कोणत्या दृष्टीनें पाहिलें, आणि त्या दृष्टीचा तेथील वन्य प्राण्यांच्या दैवाशीं काय संबंध आला, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारास नव्या मुलुखाची माहिती हवी होती. १८२४ मध्यें कर्नल साइक्स यांस त्या कामावर नेमिलें. पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांत हिंडून त्यांनीं पिकें, माणसें, वजनेंमापें, पाऊस, सर्वांचीच टिपणें केलीं. पण या गृहस्थांची जिज्ञासा सरकारी कामापुरती नव्हती. दख्खनच्या माळावरील लांडग्याचें शास्त्रीय वर्णन व नामकरण त्यांनीं १८३१ मध्यें केलें. कोळसुंद्यास त्यांनीं जें लॅटिन नांव दिलें त्यांत तर दख्खन हा शब्दच घातला. त्यांच्या नांवाचा चंडोल आजही पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आहे. आपल्या इकडच्या पशुपक्ष्यांची नोंद शास्त्राच्या वहींत येणेंप्रमाणें प्रथम झाली. उणीव एवढीच राहिली कीं, प्राणी दख्खनमध्यें आहे असें कळलें, तरी दख्खनमध्यें नेमका कोठें, हें त्या नोंदीवरून कळत नव्हतें. प्राण्याचें नांव मिळालें, ठिकाण मिळालें नाहीं.

ठिकाणाचें काम दुसऱ्याच लोकांच्या हातीं होतें. मद्रासेस १८०२ मध्यें पायारेषा मोजून कर्नल लॅम्बटन यांनीं त्रिकोणमितीची जी मोठी मोजणी आरंभिली, ती करीत करीत ते उत्तरेस आले आणि १८२३ मध्यें आपल्या वर्धा प्रांतीं हिंगणघाट येथें वारले. पुढें इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास शेतवार पाहणीची पद्धत घालून दिली. दर शेतास नंबर, दर नंबरास हद्दीचे दगड, मातीच्या खोलीवरून व रंगावरून प्रत, आणि प्रतीवरून आकार. रयतेच्या दृष्टीनें ही पद्धत आधींच्या जुलमी आकारणीहून पुष्कळ बरी होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तिनें भूमीस एकच प्रश्न विचारला: तूं सरकारास काय देशील? ज्या भूमीपाशीं या प्रश्नाचें उत्तर नव्हतें ती पड ठरली. धनगराचीं मेंढरें त्या पडीवर चरत, मेंढरांमागें लांडगा असे, गवतांत माळढोक अंडें घाली. पण आकाराच्या रकान्यांत यांपैकीं कोणासही जागा नव्हती.

देश स्वतंत्र झाला, साधनें बदलली, परंतु हा प्रश्न मात्र पुष्कळसा तोच राहिला. १९८८ च्या मार्च महिन्यांत भारताचा पहिला नियमित कामाचा दूरसंवेदन उपग्रह अंतराळांत गेला, आणि भूमीचें चित्र आकाशांतून नियमितपणें घेतां येऊं लागलें. त्या चित्रांच्या आधारें देशांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत झुडपी जमीन व निकृष्ट चराऊ कुरण असे वर्ग आहेत. म्हणजे जुनी पड नव्या शाईनें पुन्हां पडच लिहिली गेली. यांत यंत्राचा दोष नाहीं. माळावरचें गवत श्रावणांत हिरवें असतें, माघांत पिवळें होतें आणि वैशाखांत जवळजवळ नाहींसें दिसतें. उन्हाळ्यांतील एकच चित्र पाहिलें तर माळ, नांगरून टाकलेलें शेत आणि उजाड बरड यांचा भेद करणें कठीण जातें. वर्षभराचीं चित्रें ओळीनें लावून पाहिलीं आणि प्रत्यक्ष माळावर जाऊन पडताळा घेतला, म्हणजेच भेद उमगतो. या गैरसमजाचे परिणाम कागदावरच राहिले नाहींत. जी भूमि पडीक ती सुधारिली पाहिजे, या न्यायानें कित्येक माळांवर ग्लिरिसिडियासारखीं परदेशी झाडें लाविलीं गेलीं, आणि उघड्या माळावर जगणाऱ्या प्राण्यांचें घर वृक्षारोपणाच्या पुण्यकर्मानेंच मोडलें.

नकाशा चुकीचा असला म्हणजे तो केवळ डोळेझाकच करितो असें नाहीं. केव्हां केव्हां तो अति पाहतो. १९७९ मध्यें माळढोकाच्या रक्षणार्थ सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यांत शेतें आलीं, गांवें आलीं, बाजारपेठाही आल्या. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे झाले. ज्या शेतकऱ्यानें तो पक्षी उभ्या जन्मांत पाहिला नव्हता त्यासही त्याच्या नांवें बोटें मोडावीशीं वाटलीं. अखेरीस तें क्षेत्र पुष्कळ कमी करावें लागलें. पक्षी कोणत्या माळावर वीण करितो, कोठें चरतो, कोणत्या वाटेनें जातो, हें आधीं नीट आंखलें असतें, तर रेषा लहान पण खरी निघती, आणि लोकांचा रोषही पक्ष्यावर न येता. याच्या उलट बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य अवघें पांच चौरस किलोमीटरांचें आहे. तेथील चिंकारा आसपासच्या माळांवरही हिंडतात, पण त्यांची हद्द त्यांस कोणीं विचारली नाहीं.

ही विचारणा करण्याचें साधन आतां हातीं आलें आहे. २००९ मध्यें नगर जिल्ह्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें एक बिबळ्या विहिरींत पडला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच्या गळ्यांत पट्टा बांधून त्यास माळशेज घाटांत सोडिलें. उपग्रहांच्या संकेतांवरून तो पट्टा आपलें स्थान ठरवी व कळवी. या वृद्ध प्राण्यास 'आजोबा' असें नांव पडलें. आजोबा कोठें गेले? रानांत न राहतां महामार्ग, लोहमार्ग व वसईची खाडी ओलांडून सुमारें १२० किलोमीटरांचा प्रवास करून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत पोहोंचले. २०११ च्या डिसेंबरांत घोडबंदर रस्त्याच्या बाजूस वाहनाच्या धडकेनें त्यांचा अंत झाला. बिबळ्या पकडून दूर नेऊन सोडला म्हणजे प्रश्न सुटतो, ही समजूत त्या एका रेषेनें जितकी हलविली तितकी शंभर व्याख्यानांनीं हलली नसती.

अशा रेषा, उपग्रहाचीं चित्रें, रस्ते, वस्त्या, विहिरी हें सर्व एकावर एक ठेविलेल्या पारदर्शक कागदांप्रमाणें संगणकावर एकत्र पाहतां येतें. भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात ती हीच. तिच्याच साह्यानें एम. डी. मधुसूदन व अबी वनक यांनीं देशांतील कोरड्या प्रदेशांतील माळरानें, झुडपी रानें व बरडें यांचा नकाशा केला. ही भूमि देशाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकी भरते, आणि तिचा मोठा भाग सरकारी दप्तरीं पडीक म्हणून लागला आहे. आमच्या मतें याहूनही लक्षणीय काम आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं २०२५ मध्यें प्रसिद्ध केलें. जुन्या मराठी वाङ्मयांतील व लोककथांतील झाडांचे उल्लेख वेंचून त्यांनीं ते त्या त्या स्थळीं नकाशावर मांडिले. ४४ वन्य वनस्पतींपैकीं २७ माळरानाच्या निघाल्या. पश्चिम महाराष्ट्राचे माळ म्हणजे तोडलेलें जंगल, ही समजूत त्यामुळें डळमळली. निदान साडेसातशें वर्षें ते माळच आहेत. आकारणीच्या दप्तरास जें दिसलें नाहीं तें ओवी रचणाऱ्यास दिसत होतें.

येथें एक आक्षेप येईल. नकाशानें जनावर वांचतें काय? नाहीं वांचत. शिवाय दुर्मिळ प्राण्याचें स्थान उघड झालें तर शिकाऱ्यासही वाट सांपडते; म्हणून अशी माहिती जपूनच ठेविली पाहिजे. परंतु ज्या भूमीचें नांवच दप्तरांत नाहीं तिच्या वतीनें भांडावयास कोणी उभा राहूं शकत नाहीं. वाघोलीचा माळ गेला तेव्हां एक माळ गेला असें कोणत्याही कागदावर लागलें नाहीं. रिकामी जागा भरली एवढेंच लागलें. पुढें शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती या बाजूस अद्याप माळ शिल्लक आहेत, आणि शहर त्या दिशेस चाललें आहे. तेथें खडी फोडणारें यंत्र पोहोंचण्यापूर्वीं नकाशा पोहोंचला पाहिजे, आणि तो करतांना प्रथम त्या धनगरास विचारलें पाहिजे, ज्यास लांडग्याची वाट आमच्या कोणत्याही उपग्रहाच्या आधीपासून ठाऊक आहे.