गुमनाम वाजंत्री

'गुमनाम' हा चित्रपट १९६५ साली आला. त्यातले मोहम्मद रफींचे 'जान पहचान हो' ठाऊक नाही असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. संगीत शंकर-जयकिशन यांचे. लक्ष्मी छाया बेभान नाचते आहे आणि मागे डोळ्यांवर मुखवटे बांधलेली काही पोरे गिटार आणि ड्रम वाजवताहेत. त्या मोठ्या ड्रमवर बँडचे नाव रंगवलेले आहे : टेड लायन्स अँड हिज कब्ज. रफीसाहेबांच्या आवाजावर ओठ हलवणारा तरुण म्हणजे हर्मन बेंजामिन. नृत्यही त्यानेच बसवले होते. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाची सुरुवात याच गाण्याने झाली, तेव्हा परदेशातले शौकीन ही मंडळी कोण म्हणून शोध घेऊ लागले. आपण मात्र इतकी वर्षे गाणे पाहत आलो आणि ड्रमवरचे नाव वाचायची तसदी घेतली नाही.

ही पोरे एकटी नव्हती. साठच्या दशकात मुंबईत अशा हौशी दोस्तांची कितीतरी टोळकी होती. त्यांना 'बीट ग्रुप' म्हणत. तीन गिटार, एक ड्रम, जमलेच तर एखादा ऑर्गन, एवढा संसार. पुढे रॉक म्हटले की कानठळ्या बसवणारे काहीतरी डोळ्यांपुढे येऊ लागले, तसे हे नव्हते. क्लिफ रिचर्ड आणि त्याचे साथीदार शॅडोज, मागून बीटल्स, हे या पोरांचे उस्ताद. चाल गोड असावी, दोन-तीन गळे एकात एक मिसळावेत, गिटारीने गाणे गुणगुणावे, ही त्यांची आवड.

या हौसेची एक फार जुनी खूण पाचगणीत सापडते. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहातल्या पाच मुलांनी १९५८ च्या सुमारास 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर बसणारा मुलगा झांझिबारहून शिकायला आलेला पारशी, फारोख बलसारा. जगाने त्याला पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. पण मला त्याच्याहून बाकीच्या चौघांचे कुतूहल अधिक. त्यांतला डेरिक ब्रांच विलायतेत नट झाला आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात जनरल. शाळेचे जलसे आणि नाच एवढेच त्यांचे व्यासपीठ होते. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. पाचातला एक जगप्रसिद्ध झाला नसता तर सातारा जिल्ह्यात असा बँड होऊन गेला हे कुणाला कळलेही नसते. मग ज्यांच्यातला कुणीच प्रसिद्ध झाला नाही, असे किती असतील?

वाद्ये मिळवणे हीच पहिली लढाई होती. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक बंधने आली आणि विलायती इलेक्ट्रिक गिटार ही स्वप्नातली वस्तू झाली. कुणाचा मामा जहाजावर असला तर एखादी यायची. नाहीतर कलकत्त्याची गिवसन गिटार घ्यायची, किंवा साध्या गिटारीला चुंबक आणि तार जोडून ती 'इलेक्ट्रिक' करायची. अँप्लिफायर मोहल्ल्यातला रेडिओ दुरुस्त करणारा बनवून देई. त्याला संगीत कळत नसे, पण व्हॉल्व्ह कळत. या कारागिरांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, आणि त्यांच्यावाचून हा इतिहास घडलाच नसता.

गाणी कुठून यायची? १९५२ साली नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार बंद केले, तेव्हा सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. अमीन सयानींच्या गीतमालेसाठी बुधवारी रात्री रेडिओभोवती होणारी गर्दी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच स्टेशनवर इंग्रजी गाणीही लागत. चार दोस्त कागद-पेन्सिल घेऊन बसत. पहिली ओळ एकाने टिपायची, दुसरी दुसऱ्याने. सूर कोणता, हे गिटारवाल्याने हेरायचे. गाणे पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नसे. चुकलेले शब्द मग तसेच वर्षानुवर्षे गायले जात. दुसरी पाठशाळा म्हणजे काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस. सुलेमान नेन्सी आणि पुढे करमली कुटुंबाने चालवलेल्या या दुकानात रेकॉर्ड विकत घेण्याआधी ऐकायला छोट्या खोल्या होत्या. खिशात पैसे नसलेली पोरे तिथे ऐकून ऐकून गाणे पाठ करून परतत.

या मंडळींत 'सॅव्हेजेस' हे नाव बरेच गाजले. ड्रमवर बशीर शेख, आणि तो गातही असे. पॉलिडॉर कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. याच बँडशी पुढे नंदू भेंडे जोडला गेला, त्याआधी तो 'वेल्व्हेट फॉग'मध्ये होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घर मराठी रंगभूमीचे. १९७४ साली अलीक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने जूडस उभा केला. शेख, भेंडे, गोव्याचे कॅथलिक, पारशी, अँग्लो-इंडियन अशी सरमिसळ या टोळक्यांत असे. त्याचे कौतुक करायचे त्यांच्या ध्यानीही नसावे. ड्रमरने ठेका सोडला की भांडण व्हायचे, ते ठेक्यावरून.

रेकॉर्ड कंपन्यांना या संगीतात फारसा धंदा दिसत नव्हता. मदतीला आली ती सिगारेट. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी अखिल भारतीय 'सिमला बीट' स्पर्धा भरवली. शिलाँगचे 'फेन्टोन्स', मद्रासचे 'कन्फ्युजन्स' अशी मंडळी त्यातून पुढे आली. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्यांत उसनी गाणी आहेत, तशी स्वतः रचलेलीही. तंबाखू विकण्यासाठी केलेली ही उठाठेव आज त्या पिढीचा जवळजवळ एकमेव दस्तऐवज आहे. इतिहास कुणाच्या हातून जपला जाईल याचा नेम नाही! १९७१ सालीच लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या माळावरचा जलसाही झाला.

त्यानंतर उतार लागला. हॉटेलांना पाच वादकांना पोसण्यापेक्षा डिस्कोथेकमध्ये तबकडी फिरवणे स्वस्त पडू लागले. कुणी बँकेत लागला, कुणी परदेशी गेला, कुणी चित्रपटांच्या स्टुडिओत साथीला बसला. नंदू भेंडेचा आवाज १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये ऐकू येतो. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी बाजारात आली १९८१ साली, तोवर बँडच उरला नव्हता.

मराठी संगीताच्या इतिहासांत नाट्यपदे आहेत, लावणी आहे, भावगीत आहे. या पोरांसाठी मात्र ओळभरही जागा निघत नाही. 'ते आपले नव्हेच' म्हणून त्यांना बाजूला सारले गेले. मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाक्य अनोळखी नाही. कुर्ल्या-भायखळ्याच्या खोल्यांत शेजाऱ्यांच्या शिव्या खात रियाज करणारी पोरे या शहराची नव्हती, तर कुणाची होती?

त्यांना शोधून काढले ते दूरदेशीच्या हौशी संग्राहकांनी. 'सिमला बीट'च्या तबकड्या जर्मनीत पुन्हा छापल्या गेल्या. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चे संगीत २०११ साली अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने पुन्हा काढले. नंदू भेंडे २०१४ साली गेला. ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले, तेव्हा उरलेला माल सवलतीत घ्यायला गर्दी लोटली होती.