कानातलं यंत्र आणि डब्यातले कान

सार्वजनिक ठिकाणी फोनवर चालणाऱ्या बोलण्याच्या गोपनीयतेचा विषय निघाला की चर्चा बोलणाऱ्याभोवतीच फिरते. मेट्रोत उभ्याने बोलणारा माणूस आपलं गुपित आपल्या मर्जीने उघडं करत असतो. त्याचं नुकसान झालंच, तर ते त्याने ओढवून घेतलेलं असतं. विचार व्हायला हवा तो पलीकडच्या टोकाचा, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्या तिसऱ्याचा. हे दोघे डब्यात नसतात.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोत (सुरू झाली ८ जून २०१४, लांबी ११.४ किलोमीटर) संध्याकाळी हे प्रकरण जवळून पाहायला मिळतं. साकीनाक्याला एक गृहस्थ चढतो, कानांत इअरबड, हात वरच्या दांड्याला. "हं, बोल रे. नाही नाही, मोकळाच आहे." मग थोडी शांतता. "साडेसहा लाख? आणि वहिनींना माहीत नाही?" असल्फा येईपर्यंत आसपासच्या दहा-बारा जणांना कळलेलं असतं की कुणा मित्राच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ते घरात लपवलेलं आहे. कर्जदार मित्राने तर आधी विचारून घेतलं होतं. त्याला मिळालेलं उत्तर होतं, "मोकळाच आहे."

मित्र फसला त्यात यंत्राचाही वाटा आहे. पूर्वी फोनमधून गाडीचा खडखडाट, फेरीवाल्याची आरोळी, "पुढील स्टेशन" असं सगळं ऐकू येई, आणि पलीकडचा आपोआप जपून बोले. आजच्या इअरबडमध्ये एकाहून अधिक मायक्रोफोन असतात. तोंडाच्या दिशेचा आवाज उचलायचा आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकायचा, हेच त्यांचं काम. ते चोख झालं की गर्दीचा पुरावाच पुसला जातो. बोलणं स्वच्छ पोचतं, आणि बोलणारा घरी सोफ्यावर बसला आहे असं वाटू लागतं.

दुसरा बिघाड आवाजाच्या पट्टीचा. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे फ्रेंच वैद्य एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवलं. लोकलच्या दारात उभ्याने बोलणाऱ्याला हा नियम लागू पडतो. उलट, वातानुकूलित बंद डब्यात गोंगाट कमी, म्हणून साधा आवाजही लांबवर जातो. जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत सोडलेला असे. त्यावरून माणूस पट्टी ठरवी. दोन्ही कान बुजवणाऱ्या इअरबडमध्ये ही सोय असेलच असं नाही.

उपनगरांना परक्याच्या देखत बोलण्याची सवय जुनी आहे. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळात कितीतरी लग्नपत्रिकांवर फोन नंबरापुढे 'पी.पी.' छापलेलं असे, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. काकूंच्या बाहेरच्या खोलीत, टीव्ही पाहणाऱ्या चौघांसमोर बोलायचं. पण पलीकडच्याला नंबर फिरवतानाच हे ठाऊक असे, आणि तो बेताने बोले. मग पिवळ्या पाट्यांचे पीसीओ आले. काचेच्या खोक्यात बोलणाऱ्याचा चेहरा सगळ्यांना दिसे, मीटरवरचा आकडा पळताना दिसे, आवाज मात्र बराचसा आत राही. म्हणजे गैरसोयीच्या त्या काळात पलीकडच्याला आजच्यापेक्षा जास्त माहिती होती.

तरीही इतकी वर्षं फारसं बिघडलं नाही, याचं श्रेय मी सहप्रवाशांच्या कानाडोळा करण्याच्या शिस्तीला देतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये अशा सभ्य दुर्लक्षाचं वर्णन केलं. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्याला त्यासाठी पुस्तक लागत नाही. मात्र या शिस्तीलाही मर्यादा आहे. कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील प्रयोगांत दिसलं, की दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचं अर्धं संभाषण लक्ष अधिक विचलित करतं. पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधत मेंदू रिकाम्या जागा भरू लागतो. ऐकायचं नसलेला माणूसही मग "साडेसहा लाख?" याच्या आधीचं वाक्य जुळवून टाकतो. एप्रिल २०२३ मध्ये 'बेस्ट'ने बसमध्ये मोबाइलचा आवाज मोठा ठेवण्यास मनाई केली आणि इअरफोन वापरायला सांगितलं. शांततेसाठी उपाय योग्य. पण फोनवरच्या बोलण्याला लावला, तर त्यातून नेमकं हे अर्धं संभाषणच उरतं.

कायद्याची नजर बहुतेक हजर माणसावरच असते. मुंबईच्या कॉरोनरवरील लाचेच्या आरोपातून उभ्या राहिलेल्या 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' खटल्यात, १९६४ मध्ये एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते ध्वनिमुद्रण पुराव्यात ग्राह्य धरलं. लाचेच्या प्रकरणात ते रास्तच. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरली, आणि त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका उद्योजकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. ही ढाल मुख्यतः सरकारपुढे धरायची आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. आणि हवेत विरून जाणारं बोलणं मुळात डिजिटल डेटा नव्हेच.

ते विरून जातं, यावरच आजवरचा सगळा व्यवहार उभा होता. घाटकोपरला उतरून जिने चढता-उतरता प्रवासी ते कर्ज विसरतो. यंत्र विसरत नाही. मे २०२५ मध्ये भारतात विक्रीला आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्यांत चित्रण चालू असताना चौकटीवर दिवा तरी लागतो. पण तो दिवा डब्यातल्यांना दिसणार. फोनच्या पलीकडे बसलेल्याला त्याचा काय उपयोग?

पलीकडच्याला सावध करण्याचं एक वाक्य लोकलमध्ये अजून रुळलेलं आहे: "ट्रेनमध्ये आहे, उतरले की करते." २००३ पर्यंत येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, तेव्हा ते बिलासाठी म्हटलं जाई. आज ते मला वातानुकूलित डब्यापेक्षा साध्या दुसऱ्या वर्गात जास्त ऐकू येतं. कारण बहुधा एवढंच, की तिथे आपलं तोंड आणि शेजारणीचा कान यांत वीतभरही अंतर नसतं, आणि आपण एकटे आहोत असा भ्रम व्हायला जागाच उरत नाही.