यादींतील नांव आणि नांवामागील अंक

जुन्या मोटारींतील रेडिओवर स्टेशन निवडण्यासाठीं बटणांची रांग असे. एक दाबलें कीं आधीं दाबलेलें आपोआप वर येई. संगणकाच्या पडद्यावर ‘अनेकांतून एकच’ निवडण्याचें जें वर्तुळ असतें, त्यास त्यावरूनच रेडिओ बटण हें नांव मिळालें. 1984 च्या मॅकिंटॉशवर तें होतें. अनेक गोष्टी निवडावयाच्या तर चौकोन. आणि पर्याय फार असले तर उघडमीट करणारी यादी. ही यादी दिसावयास गरीब, पण प्रोग्रॅम लिहिणारास हमखास फसविणारी. कशी, तें आपल्या सातारा-सांगलीच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

1 ऑगस्ट 1949 रोजीं सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. सांगली, औंध, जत इत्यादि संस्थानें आदल्याच वर्षीं विलीन झालीं होतीं. 21 नोव्हेंबर 1960 रोजीं दक्षिण साताऱ्याचें नांव सांगली झालें. उत्तर सातारा पुढें नुसता सातारा राहिला.

त्या काळीं संगणक असता, तर यादी वर्णानुक्रमानें अशी लागली असती: उत्तर सातारा, कोल्हापूर, दक्षिण सातारा, पुणें, सोलापूर. 1991 सालीं आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्यें ओळी शून्यापासून मोजल्या जात. आळशी लेखक नोंदींत हा ओळीचा अंकच ठेवून मोकळा होतो. नांवें बदलून यादी पुन्हां लावली कीं ती होते: कोल्हापूर, पुणें, सांगली, सातारा, सोलापूर. शून्य अंकाचा सातारकर झाला कोल्हापूरचा, कोल्हापूरकर पुण्याचा आणि पुणेकर साताऱ्याचा! दक्षिण सातारा मात्र दैवयोगानें सांगलीवरच पडतो, सोलापूरही जागचें हालत नाहीं. तपासनिसानें नेमक्या त्याच नोंदी चाळल्या, तर घोटाळा उमगणारही नाहीं.

म्हणून नांवामागें, ओळीशीं संबंध नसलेला, स्वतंत्र अंक हवा. व्हिज्युअल बेसिकनेंच पुढील आवृत्त्यांत त्यासाठीं ‘आयटमडेटा’ नांवाचा कप्पा दिला. 2011 च्या जनगणनेंत सातारा 527 व सांगली 531 होती. मात्र हे अंक जनगणनेगणिक फिरतात, तेव्हां सोबत साल लिहिलें पाहिजे. राज्य शासनानें 2025 सालीं सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरचें ईश्वरपूर करण्याचें ठरविलें. अंकावर चालणाऱ्या दप्तरांत अशा वेळीं एकच शब्द बदलावा लागतो.

राहिला प्रश्न माणसांचा. पासष्टी ओलांडलेल्या कित्येकांच्या दाखल्यावर ‘दक्षिण सातारा’ आहे, आणि अर्जाच्या यादींत ती ओळच नाहीं. जाणता प्रोग्रॅमलेखक तें जुनें नांवही यादींत ठेवतो व त्याच्यामागें सांगलीचाच अंक जोडतो.