जीर्णोद्धार आणि जुनी वास्तू

देवालयाच्या जीर्णोद्धाराचा संकल्प होतो, तेव्हा भाविकांपुढे एक बिकट प्रश्न उभा राहतो. जुने राखावे की नवे बांधावे? सर्वण ज्या डिचोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयाचा इतिहास या बाबतीत मार्गदर्शक ठरावा.

कदंब राजांचे हे आराध्यदैवत मूळचे मांडवीतील दिवाडी बेटावरचे. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात देवालय पडले. विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्याची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार, त्यांच्या अंमलाबाहेरील नार्वे येथे आणले. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने शके १५९०, कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, येथे देवालयाच्या कामास आरंभ झाला. तसा शिलालेख तेथे आहे.

या बांधकामात कदंबकालीन शिल्पाची नक्कल झाली नाही. उतरते कौलारू छप्पर आणि बसका घुमट असे हे देवालय आपल्या काळाला अनुसरूनच उभे राहिले. तेव्हा नवे बांधणे हा दोष नव्हे. जे उभे आहे ते नव्याच्या हव्यासाने पाडणे, हा दोष होय. राज्यशासनाने या देवालयाचे नूतनीकरण करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांस खुले केले, तेव्हाही जुनी वास्तू राखूनच काम झाले.

सर्वत्र असे घडत नाही. जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की आतली ओल आतच कोंडते; चुना मात्र ती बाहेर जाऊ देतो. तांबड्या थरातून पांढरा चुना कोरून काढलेली कावीचित्रे तर एकदा रंगाखाली वा फरशीखाली गेली की कायमची लोपतात.

भाविकांची संख्या वाढते, सोयी हव्यात, हेही खरेच. नवी अग्रशाळा वा सभागृह अवश्य बांधावे. परंतु ते जुन्या वास्तूच्या शेजारी, तिच्या शिखराहून ठेंगणे असावे. जुन्या वास्तूला जोडलेली नवी भर तिच्याशी सुसंगत, तरीही वेगळी ओळखू यावी, हेच तत्त्व १९६४ साली व्हेनिसच्या सनदेत जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केले. पणजीसारख्या शहरातील जुन्या वाड्यांनाही ते तितकेच लागू आहे.

म्हणून पहिली कुदळ मारण्यापूर्वी मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि जाणत्यांचा सल्ला घ्यावा. देवालय हे पूर्वजांनी आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे. ती पुढील पिढीस अखंड पोचविणे हेही सेवेचेच अंग होय.