शक्ती : दोन संगीतांचा संसार

संगीतात भेसळ नको, असे आपल्याकडील जाणते रसिक नेहमी बजावीत आले आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. गिटारीशेजारी तबला नेऊन बसवला म्हणजे दोन संगीतांचे मीलन झाले असे नव्हे. पुष्कळदा दोघे एकमेकांची वाटच अडवतात. मग असा संसार सुखाचा होतो तरी केव्हा? ‘शक्ती’ या वाद्यवृंदाची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते.

जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते न्यू ऑर्लिन्स शहरात आकारास आले. ठरलेल्या चौकटीत आयत्या वेळी सुचेल ते वाजवीत जाणे हा त्याचा प्राण. म्हणजे आपल्या उपजेचेच ते भावंड. परंतु जाझचा वादक पायाखाली सतत बदलणाऱ्या स्वरसंघांवरून चालतो, तर आपला गवई अचल षड्जाच्या साक्षीने एकच राग फुलवीत बसतो. नाते आहे, भाषा मात्र निराळ्या.

ही निराळी भाषा शिकण्याचे कष्ट जॉन मॅक्लॉक्लिन या इंग्रज गिटारवादकाने घेतले. १९६९ साली तो मायल्स डेव्हिस या थोर जाझवादकाच्या ध्वनिमुद्रिकांत वाजवीत होता. १९७१ मध्ये त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. विजेच्या वाद्यांचा तो दणदणाट जगभर गाजला. अशा ऐन बहरात हा गृहस्थ अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेऊ लागला! गिटारीच्या पडद्यांमुळे मींड नीट निघेना, तेव्हा त्याने पडद्यांमधले लाकूड कोरून घेतले, म्हणजे तार दाबून, ओढून स्वर वाकवता यावा. शिवाय वाद्याच्या अंगावर सात जादा तारा तिरप्या बसवल्या. पाहुणा म्हणून आलेल्याने घरची रीत अंगी बाणवली ती अशी.

त्याचे सोबती होते व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम आणि तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन. म्हणजे केवळ पूर्व-पश्चिमच नव्हे, तर आपल्याच घरातील उत्तर आणि दक्षिणही येथे एका पाटावर बसली. पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठीची मैफल ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील एका महाविद्यालयात झाली. १९७७ पर्यंत तीन ध्वनिमुद्रिका झाल्या आणि पुढे मंडळी पांगली.

संसार मात्र मोडला नव्हता. १९९७ साली हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसह ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो पुन्हा मांडला गेला. मागाहून मँडोलिन घेऊन यू. श्रीनिवास आले, आणि विनायकरामांच्या जागी त्यांचे चिरंजीव सेल्वगणेश खंजिरी घेऊन बसले. चेंबूरचे शंकर महादेवनही या घरात आले. त्यांनाच पुढे २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत मराठी घराघरांनी पाहिले. श्रीनिवास २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. तरीही उरलेल्यांनी, गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन सोबत घेऊन, २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ हे नवे ध्वनिमुद्रण सिद्ध केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यास ग्रॅमी पारितोषिक लाभले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाईही गेले.

भेसळीची भीती बाळगणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की या मंडळींत कोणी आपले घराणे सोडले नाही. झाकीरभाईंचा तबला पंजाबचाच राहिला आणि घटम दक्षिणेचाच. फक्त दुसऱ्याचे बोलणे कळावे म्हणून प्रत्येकाने कान थोडा अधिक उघडा ठेवला, आणि एकाने तर आपल्या वाद्याचे लाकूडही कोरून घेतले. एवढी तयारी असेल तर सोयरीक जुळवण्यास हरकत नसावी.