नाण्यावरचे संत



पुतळ्यांची माळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पुतळी हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्या किनाऱ्याला लागले आणि इथल्या बायकांच्या गळ्यात जाऊन बसले. त्यावर एक उभा पुरुष आहे आणि दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून आहे. उभा तो संत मार्क, व्हेनिसचे ग्रामदैवत म्हणा ना. गुडघे टेकलेला तो तिथला निवडून आलेला प्रमुख, म्हणजे डोज.

चांदीच्या काही नाण्यांवरही हीच मांडणी असे. १४७२ साली निकोलो त्रोन या डोजने लिरा नाण्यावर स्वतःचाच चेहरा छापला. सरदारांना ते रुचले नाही. तो वारल्यावर, डोजने आपला मुखवटा नाण्यावर घालू नये असे ठरले आणि पुढचे डोज पुन्हा संतापुढे गुडघ्यावर आले. आमच्या चळवळीतील काही पुढाऱ्यांना हा नियम वाचून दाखवावा असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

पण आज सांगायचे आहे ते रोमच्या एका चांदीच्या नाण्याविषयी. पोप सातवा क्लेमेंट याचे हे दोन कार्लिनोचे नाणे. ठसा बेनवेनुतो चेल्लिनी या नामांकित सोनाराचा. एका अंगाला दाढीवाला पोप. दुसऱ्या अंगाला येशू आणि संत पीटर. पाण्यावरून चालताना पीटर भ्याला, बुडू लागला, आणि येशूने त्याला हात दिला. तुझा विश्वास का डळमळला, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे भोवती आहेत. आता पीटर हा पहिला पोप मानला जातो. मग बुडत होते कोण?

६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सचे सैन्य रोमवर तुटून पडले. जर्मन, स्पॅनिश, इटालियन असे भाडोत्री शिपाई, आणि कित्येक महिन्यांचा पगार थकलेला! सेनापती बूर्बोंचा ड्यूक पहिल्याच हल्ल्यात पडला. मग आवरणार कोण? जर्मनांत ल्यूथरचे अनुयायी होते, म्हणून काही लोक याला धर्मद्वेष म्हणतात. तो होताच. परंतु आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांशी उभे राहिलो आहोत. थकलेला पगार माणसाचे काय करतो ते आम्ही पाहिले आहे. लुटीचे समर्थन आम्ही करीत नाही. त्या दिवशी इस्पितळातील रोगीसुद्धा कापले गेले.

पोप सांत आंजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला. खंडणी ठरली चार लाख डुकाट. किल्ल्यात चांदीची भांडी वितळवून नाणी पाडली. त्यांवर पीटर आणि पॉल. चेल्लिनी तेव्हा किल्ल्यात तोफेवर होता. पोपच्या मुकुटांतील सोने वितळवण्याचे कामही त्याच्याचकडे आले. संतांची चांदी अशी शिपायांच्या पगाराच्या वाटेला लागली. क्लेमेंटने शोक म्हणून दाढी वाढवली. पुढे काही वर्षांनी तोच चेल्लिनी पीटरला बुडण्यातून वाचवणारा येशू कोरतो. किल्ल्यातली भट्टी त्याला आठवत नसेल काय?

व्हेनिसची पुढची गोष्ट थोडक्यात. ७ ऑक्टोबर १५७१ ला, संत जस्टिनाच्या दिवशी, लेपांटोच्या आरमारी लढाईत तुर्कांचा पराभव झाला. व्हेनिसने तिला चांदीच्या नाण्यावर आणले: छातीत खंजीर, हातात हुतात्म्याची झावळी. मोठ्या नाण्यांवर तिच्यामागे समुद्र आणि जहाजेही आली. ती जहाजे हजारो माणसांनी वल्हवलेली, त्यांत साखळदंडाने जखडलेले कैदीही होते. नाण्यावर मात्र जहाजे इतकी लहान आहेत की वल्हेकऱ्यांना त्यांत जागाच नाही.