मिच हरिकेन

कॅरिबियन समुद्रात ऑक्टोबर १९९८ मध्ये उद्भवलेले व मध्य अमेरिकेत भीषण जीवितहानी घडवून आणणारे उष्ण कटिबंधीय चक्रीवादळ. २६ ऑक्टोबर रोजी त्यातील वाऱ्यांचा वेग ताशी सु. २८५ किमी. होता व केंद्रीय वायुदाब ९०५ मिलिबारपर्यंत उतरला होता. २९ ऑक्टोबरला हाँडुरसच्या किनाऱ्यावर ते आले, तेव्हा वाऱ्यांचा जोर बराच ओसरलेला होता. तथापि खरा विनाश त्यानंतर झाला.

वादळ अत्यंत मंद गतीने सरकल्याने समुद्रावरील बाष्पयुक्त हवा डोंगरउतारांवर चढून अखंड वृष्टी होत राहिली. दक्षिण हाँडुरसमधील चोलुतेका येथे ९०० मिमी.हून अधिक पाऊस पडला. राजधानी तेगुसिगाल्पात नदीकाठच्या वस्त्या पुरात वाहून गेल्या. ३० ऑक्टोबरला निकाराग्वात कासीता ज्वालामुखीचा उतार पावसाने खचला; चिखलाच्या लोटाखाली दोन गावे गाडली जाऊन सु. २,००० लोक मरण पावले. एकूण मृतांची संख्या ९,००० वर गेली व जवळजवळ तितकेच लोक बेपत्ता झाले. जंगलतोडीमुळे उघडे पडलेले उतार आणि तीव्र उतारांवर व पूरमैदानांत वसलेली गरीब वस्ती यांमुळे हानी वाढली. चोलुतेका येथील नवा पूल शाबूत राहिला. परंतु नदीनेच पात्र बदलले.

हरिकेनांची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पर्जन्यावरून नव्हे. त्यामुळे वारा मंदावला, म्हणजे संकट टळले असे मानणे किती घातक ठरते, हे या वादळाने दाखवून दिले.